बुडालेल्या तासांची वही

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर उतरला आणि आम्ही शाळेचं कुलूप काढलं. शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव. पाचवीच्या वर्गात घोटाभर गाळ होता आणि फळ्याच्या मधोमध पाण्याची तपकिरी रेघ उमटलेली होती. हजेरीपट कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होते, ते फुगून विटेएवढे जाड झाले होते. आवारात ऊन पडलेली जागा बघून सतरंजी अंथरली, एकेक पान सोडवलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडे ठेवले. काही पानांवरची शाई पार उतरली होती.

त्या वर्षी मी मुख्याध्यापिका होते. वरून विचारणा झाली, शाळा किती दिवस बंद होती? मी आकडा कळवला. आकडा बरोबर होता, पण तेवढ्यानं भागत नाही हे मला जानेवारीत कळलं. सहावीतली एक हुशार मुलगी गुणोत्तर-प्रमाणाच्या पाठात एकसारखी अडत होती. विचारत विचारत मागे गेलो तर कळलं, तिला अपूर्णांकांचा गुणाकारच येत नव्हता. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात तो शिकवून झाला होता आणि ही तेव्हा पूरग्रस्तांच्या छावणीतून थेट मामाच्या गावी गेलेली. नदीलगतच्या गल्लीतली जवळजवळ सगळी मुलं तशीच, आणखी नऊ-दहा दिवस शाळेत आली नव्हती. शाळेच्या लेखी शाळा सुरू होती. त्यांच्या लेखी ती बंदच होती.

म्हणून मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीवरच्या पालकांना माझं पहिलं सांगणं असं की, पूर येवो, दरड कोसळो की साथ पसरो, शाळेचे बुडालेले दिवस आणि मुलांचे बुडालेले तास हे दोन वेगळे हिशेब आहेत. दोन्ही ठेवायचे.

कायद्यात दिवसही आहेत आणि तासही

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ ला, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो त्याला, शेवटी जोडलेला एक तक्ता आहे. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास सांगितले आहेत. शिक्षकासाठी तयारीच्या वेळेसह आठवड्याला ४५ तास. यातले दिवस बहुतेकांना तोंडपाठ असतात, तास मात्र कुणी विचारत नाही. पण मुलाच्या पदरात पडतो तो तास. आपत्तीत अमुक इतके दिवस माफ, अशी सवलत त्या तक्त्यात कुठेही लिहिलेली नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं शाळा बंद राहिली तर बंद ठेवल्याचा दोष शाळेवर येत नाही हे खरं, पण मुलाचं येणं तेवढ्यानं फिटत नाही.

आपल्याकडे माध्यमिक शाळा संहितेचा आणखी एक दंडक आहे. वर्षभरातल्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जाऊ नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० भरावेत. सुट्ट्यांच्या वार्षिक परिपत्रकात ही ओळ दरवर्षी असते. आता साधी वजाबाकी करा. ३६५ मधून ५२ रविवार गेले, ७६ सुट्ट्या गेल्या, उरले २३७. म्हणजे २३० गाठायला हाताशी फक्त सात दिवस. मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये झाली तशी अतिवृष्टी एकदा झाली की ते सात दिवस कुठल्या कुठे जातात.

तासांचा हिशेब आपल्याच वेळापत्रकावरून मांडावा, दुसऱ्या शाळेचा आणू नये. पद्धत कळावी म्हणून एक नमुना देते. समजा सोमवार ते शुक्रवार परिपाठ, छोटी सुट्टी आणि जेवणाची सुट्टी वगळून रोज पाच तास प्रत्यक्ष शिकवणं होतं आणि शनिवारी सकाळच्या शाळेत तीन तास. आठवड्याचे झाले २८. वर्षभरात जेमतेम २२० दिवस भरले तर साधारण ३७ आठवडे, म्हणजे १०२७ तासांच्या आसपास. सहावी ते आठवीला हवेत १०००. हातात राहिले २७, एका आठवड्यापेक्षाही कमी. आणि अजून परीक्षा, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा यांत गेलेले तास वजा केलेले नाहीत. पहिली ते पाचवीचं गणित थोडं सैल असतं. २०० दिवसांत याच वेळापत्रकानं ९३३ तास होतात, म्हणजे १३३ तासांची जागा आहे. यावरून एक व्यवहारी गोष्ट कळते. शाळा एकच असली तरी भरपाईचं वेळापत्रक सगळ्या वर्गांना एकच लावायचं कारण नाही. सहावी-सातवी-आठवीला जास्त तास लागतील. पहिली-दुसरीच्या लेकरांना संध्याकाळपर्यंत उगाच बसवून ठेवू नका.

पहिल्याच दिवशी काय लिहायचं

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी त्या पुरानंतर शंभर पानी वही आखली. डावीकडे तारीख आणि वर्ग, मध्ये विषय आणि त्या तासाला काय शिकवलं ते, उजवीकडे कोण नव्हतं त्यांची नावं. त्यातली एक नोंद मला अजून डोळ्यांपुढे दिसते: सोमवार, १९ ऑगस्ट, सहावी, पट ३१, हजर १७, गणित, अपूर्णांकांचा गुणाकार, आणि पुढे चौदा नावं. मुलगा परत आला, त्याला तो पाठ पुन्हा शिकवला, तपासला आणि जमला, की त्याच्या नावाखाली हिरवी रेघ. डिसेंबरपर्यंत बरीच पानं हिरवी झाली. त्या मुलीच्या नावाखाली मात्र रेघ नव्हती. ते पान आमच्या नजरेतून निसटलं ते निसटलंच, आणि त्याची किंमत तिनं मोजली. वही नसती तर कारणही सापडलं नसतं.

ही वही सरकारी नमुन्यात नाही, कुणी मागणारही नाही. तरी ठेवा. हजेरीपट सांगतो कोण गैरहजर होतं. काय हुकलं, ते ही वही सांगते.

याशिवाय शाळा बंद होण्याच्या प्रत्येक दिवशी चार ओळी लॉगबुकात किंवा सूचनावहीत हव्यात. बंद कशामुळे, कुणाच्या आदेशानं, आदेशाची तारीख, आणि त्या दिवशी शिक्षक कुठे होते. शेवटची ओळ लोक विसरतात. आरटीईच्या कलम २७ नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, पण जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण ही कामं त्याला अपवाद आहेत. म्हणजे पुराच्या दिवसांत गुरुजी छावणीत याद्या करत होते तर ते कर्तव्यावरच होते. पण शिकवत नव्हते. तो दिवस शिक्षकाच्या हजेरीत लागतो, मुलांच्या तासांत लागत नाही. दोन्ही एकाच रकान्यात घातलं की हिशेब खोटा होतो, आणि पुढे यू-डायसमध्ये अध्यापनाच्या दिवसांचा आकडा भरताना तोच खोटेपणा पक्का होतो.

रेड अलर्टमुळे एखाद-दुसरा दिवस सुट्टी मिळते तेव्हा निरोप रात्री उशिरा येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जुने निरोपही फिरत असतात. गटशिक्षणाधिकारी किंवा केंद्रप्रमुखांकडून आलेल्या आदेशाची प्रत जपून ठेवा, फोनवरचा निरोप असेल तर वेळ लिहून ठेवा. अशा एक-दोन दिवसांसाठी फार मोठं नियोजन लागत नाही. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी त्या वर्षी घेऊ नका, तेवढ्यावर भागतं.

भरपाईचा ठराव

आठवडा किंवा त्याहून जास्त शाळा बंद राहिली, तर शाळा उघडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत शाळा व्यवस्थापन समितीची सभा घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात ते उगीच नाही. मुलं संध्याकाळी किती वाजता घरी पोहोचतात, शेतात कापणी कधी, गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. ठराव मोघम नसावा. "बुडालेला अभ्यास भरून काढण्यात यावा" एवढ्या ओळीवर कुणालाच काही करावं लागत नाही. आम्ही लिहायचो तो नमुना असा:

"दि. … ते दि. … या कालावधीत मा. जिल्हाधिकारी यांच्या दि. … च्या आदेशान्वये, व त्यानंतर दि. … पर्यंत इमारतीत निवारा छावणी असल्याने, शाळा एकूण … दिवस बंद राहिली. त्यामुळे पहिली ते पाचवीचे … व सहावी ते आठवीचे … अध्यापन तास कमी झाले. हे तास दि. … ते दि. … या काळात दर शनिवारी दुपारी … ते … या वेळेत, तसेच दिवाळी सुट्टीतील … दिवस वर्ग भरवून पूर्ण करावेत. या दिवशी शालेय पोषण आहार देण्यात येईल. शाळा उघडल्यानंतरही गैरहजर राहिलेल्या … मुलांसाठी स्वतंत्र वर्ग … या शिक्षकांनी घ्यावेत."

खाली सूचक, अनुमोदक, सह्या. प्रत केंद्रप्रमुखांना. दिवाळी किंवा उन्हाळी सुट्टीतले दिवस घ्यायचे तर शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी मान्यता आधी घ्या, कारण शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार कायद्यानं स्थानिक प्राधिकरणाचा आहे, एकट्या शाळेचा नाही.

आता तास कुठून काढायचे? रोज अर्धा तास वाढवला तर ४० दिवसांत २० तास मिळतात. कागदावर हे सगळ्यात सोपं दिसतं. माझा अनुभव वेगळा आहे. साडेपाचला सुटलेल्या शाळेतून तीन किलोमीटर चालत जाणाऱ्या मुली नोव्हेंबरात अंधारात घरी पोहोचतात, एसटी चुकते, आणि आठवड्याभरात पालक शेवटच्या तासाआधीच त्यांना न्यायला येतात. सकाळी लवकर बोलवायचं तर लहानग्यांची अडचण. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, अशी सूचना शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेली आहे. त्यापेक्षा शनिवार दुपार बरी. दोन तासांप्रमाणे दहा शनिवारांत तेवढेच २० तास होतात, उजेडात होतात आणि जेवणानंतर होतात. रविवार घेऊ नका. पूर येऊन गेलेल्या घरात रविवारी भांडी-कपडे, भिंती, शेतातला गाळ, सगळं वाट बघत असतं आणि मुलांचे हात तिथे लागतात.

पोषण आहाराचा मुद्दा ठरावात मुद्दाम घातला आहे. शनिवार दुपारपर्यंत शाळा लांबवली आणि जेवण नसलं तर अर्धी मुलं घरी जाऊन परत येत नाहीत. पुरात तांदूळ भिजला असेल तर त्याचा पंचनामा लगेच करून घ्या, नवा साठा त्याशिवाय अडतो. दुष्काळ हीसुद्धा आपत्तीच. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना शाळेत जेवण मिळावं, असे आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिलेले आहेत. ज्या गावात मूल जेवायला शाळेत येणारच आहे, तिथे तासभर वाचनाचा वर्ग जोडायला फार सायास पडत नाहीत.

बीड-धाराशिवची घाई वेगळी

भरपाई कधी करायची हे पूर कुठे आला यावर ठरतं, आणि इथे राज्यभर एकच साचा लावला की घात होतो. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो. पुढे दिवाळीपर्यंत अडीच-तीन महिने हातात असतात. मराठवाड्यात २०२५ ला पाणी आलं ते सप्टेंबरात. दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिवकडची हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि मुलंही बैलगाडी-ट्रॅक्टरवर बसून त्यांच्याबरोबर जातात. तिथल्या शाळेनं "जानेवारी ते एप्रिलमध्ये जादा तास घेऊ" असं ठरवलं तर ज्यांचं सगळ्यात जास्त बुडालं, ती मुलं तेव्हा गावातच नसतील. उसाच्या फडात असतील, कदाचित आमच्याच शिरोळ-वाळव्यात.

त्या भागातल्या मुख्याध्यापकांनी टोळ्या निघण्याआधीचे तीन-चार आठवडे सोन्याचे समजावेत. जाणाऱ्या मुलांची यादी आधी करा, त्यांचे तास आधी भरा, हंगामी वसतिगृहासाठी पालकांशी तेव्हाच बोला. आणि जे जाणारच आहेत त्यांच्या हातात पुस्तकांसोबत एक चिठ्ठी द्या, कोणत्या पाठापर्यंत झालं आहे याची. साखर कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत ते मूल दाखल झालं तर तिथल्या शिक्षकाला ती चिठ्ठी लाखमोलाची. आमच्याकडे अशी मुलं येत. चिठ्ठी घेऊन आलेलं एकही मूल मला आठवत नाही, आणि म्हणून हे लिहिते आहे.

गाव सोडून नातेवाइकांकडे राहायला गेलेल्या पूरग्रस्त मुलांनाही हाच नियम. दुसऱ्या शाळेत जाण्याचा त्यांना हक्क आहे. दाखला उशिरा आला किंवा वाहून गेला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, हे आरटीईच्या कलम ५ मध्ये आहे. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, ते कलम १४. पालकांनो, शाळेनं "आधी दाखला आणा" म्हटलं तर नम्रपणे या दोन कलमांची आठवण द्या आणि मुलाला त्याच दिवशी वर्गात बसू द्या, असं सांगा.

तासांत काय शिकवायचं

वीस तास मिळाले म्हणून बुडालेले वीस तास जसेच्या तसे पुन्हा घ्यायचे नसतात. कोविडच्या काळात राज्यानं जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आणला होता. त्यातली एक गोष्ट मला फार पटली होती. मागच्या इयत्तेचं काय येतं, काय येत नाही ते बघत रोज थोडं थोडं घ्यायचं आणि मधे मधे चाचणी. पुरानंतरही हेच करावं, फक्त छोट्या मापानं. चाचणी म्हणजे गुणांची परीक्षा नको. पाच उदाहरणं, एक उतारा, दहा मिनिटं पुरतात.

मग निवड करा. पुढचं ज्यावर उभं राहतं ते आधी. दुसरी-तिसरीत वाचन आणि संख्या, बाकी परिसर अभ्यासाचे दोन पाठ मागे राहिले तर राहू देत. पाचवी-सहावीत अपूर्णांक. सातवी-आठवीत बैजिक राशी आणि समीकरणं, शिवाय इंग्रजी वाचन. इतिहासाचा एखादा पाठ गोष्टीसारखा वाचून दाखवला तरी मुलांना तो पुढे नेता येतो. अपूर्णांकाचं तसं नाही, तिथे पायरी गळली की पुढची पायरी हवेत. आरटीईचं कलम २४ शिक्षकाला दोन कामं सांगतं. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं हे एक. प्रत्येक मुलाची कुवत पाहून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणं हे दुसरं, आणि ते पहिल्याइतकंच बंधनकारक आहे. "कोर्स पूर्ण झाला" या एका वाक्यावर समाधान मानण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी जास्त जागरूक राहावं. आता या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे आणि त्यात मूल अनुत्तीर्ण होऊ शकतं. तसं झालं तर जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा हा त्याचा हक्क. पण ती वेळ येण्याआधी ऑक्टोबरातच वर्गशिक्षकांना भेटा आणि माझ्या मुलाचे कोणते पाठ हुकले, हे विचारा. एवढाच प्रश्न. ज्या शिक्षकाकडे ती वही असेल, ते पान उघडून दाखवतील. नववी-दहावीला आरटीईचे तास लागू नाहीत, तिथे संहितेचे २३० दिवस आणि बोर्डाची ७५ टक्के उपस्थितीची अट. शाळा उघडी असताना मूल पुरामुळे येऊ शकलं नसेल तर पालकाचा अर्ज आणि तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत तेव्हाच शाळेत द्या. फेब्रुवारीत हे कागद शोधताना लोकांची फार धावपळ होते.

ऑनलाइन वर्गाबद्दल थोडक्यात. मुंबई-पुण्यात पावसानं एक दिवस शाळा बंद राहिली आणि घरात वीज, फोन, कोरडी जागा असली तर ऑनलाइन तास उपयोगी पडतो. पूरग्रस्त गावात पहिल्यांदा वीजच जाते. पीडीएफ पाठवली म्हणजे तास झाला असं धरू नका. मूल समोर नव्हतं, त्यानं काही विचारलं नाही, वहीत काही उमटलं नाही, तर तो तास बुडालेल्यांतच लिहा.

शाळा उघडल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस मात्र कुठल्याच हिशेबात धरू नका. आमच्या चौथीतल्या एका पोरानं पहिल्या दिवशी चित्रकलेच्या वहीत फक्त गोठा काढला, चार दावी आणि एकही जनावर नाही. त्याच्या घरच्या दोन म्हशी गेल्या होत्या. त्या वेळी त्याला पाढे म्हणायला लावणं मला जमलं नसतं. मुलांना बोलू द्या, चित्रं काढू द्या, वर्ग त्यांच्या हातांनी लावू द्या. शिक्षकांचीही घरं त्याच पाण्यात असतात. ज्या बाईंनी वही आखली त्यांच्या स्वयंपाकघरातला गाळ तेव्हा अजून निघायचा होता. जादा तासांचं वाटप करताना मुख्याध्यापकांनी हे लक्षात ठेवावं. दोन आठवडे एखाद्या शिक्षकाला शनिवार मोकळा दिला तर पुढचे आठ शनिवार तो मनापासून घेतो.

छावणी आणि इमारत

शाळा निवारा छावणी होते तेव्हा ती नाकारायची नसते, माणसं उघड्यावर आहेत. पण तहसीलदारांकडून लेखी आदेश घ्या आणि त्यात परत ताबा देण्याची अंदाजे तारीख मागा. एक खोली कुलूपबंद ठेवा, त्यात जनरल रजिस्टर, दाखले, पुस्तकं आणि संगणक. छावणी आठवड्याच्या वर चालणार असं दिसलं तर समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा एखादं मंगल कार्यालय दिवसाच्या वेळी मिळतं का, ते सरपंचांना विचारा. छावणीतली मुलं तिथेच असतात, त्यांच्याबरोबर झाडाखाली दोन तास वाचन-गणित घेतलं तर ते तासही वहीत लिहा. इमारत परत मिळाल्यावर घाई नको. भिंती आणि स्लॅब अभियंत्याकडून तपासून, विजेची जोडणी बघून, टाकी धुऊन पाण्यात क्लोरीन घालून मगच मुलांना आत घ्या. गाळात साप असतात, कोपरे आणि स्वच्छतागृहं काठीनं आधी मोकळी करा. या तपासणीत तीन दिवस गेले तर तेही बुडालेल्या दिवसांत मोजा आणि भरून काढा, पण तपासणी टाळू नका.

आणि हे सगळं पुढच्या पावसाआधी. जूनच्या पहिल्या सभेत शाळा विकास आराखडा समोर असतो, तेव्हाच सहावी ते आठवीसाठी पाच-सहा शनिवार राखीव म्हणून वेळापत्रकात लिहून ठेवा. पाणी आलं नाही तर ते ग्रंथालयाला, खेळाला वापरता येतील. नदीकाठच्या गल्लीतल्या, तांड्यावरच्या, डोंगरउताराच्या वाडीतल्या मुलांची नावं आणि दोन-दोन फोन नंबर एका पानावर घ्या, एक घरचा आणि एक मामा-आत्याचा. मुलं पांगली की तोच दुसरा नंबर उपयोगाला येतो. हजेरीपट आणि जनरल रजिस्टर वरच्या खणात हलवा, प्रत्येक पानाचा फोटो काढून केंद्रशाळेत एक प्रत ठेवा. जुन्या हजेरीपटाची खड्याखाली वाळवलेली पानं आम्ही पुन्हा शिवून घेतली होती. पण ज्यांची शाई उतरली होती त्या मुलांच्या पुराआधीच्या हजेऱ्या कुणाला सांगता आल्या नाहीत.